आधी सुधागड, मग उन्हेरे

ऑक्टोबरात दोघंच भटकायला निघताय ना? मग रायगड जिल्ह्यातलं पाली गाठा. मुंबईहून खोपोलीमार्गे सरळ रस्ता आहे. फक्त संकष्टी आणि दिवाळीची सुट्टी टाळा, बल्लाळेश्वराच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळत नाही.

सुधागड किल्ला आधी, उन्हेऱ्याचं गरम पाण्याचं कुंड नंतर, हा क्रम मोडू नका. ऑक्टोबरचं ऊन नऊ वाजताच चटका देतं, म्हणून पायथ्याच्या ठाकूरवाडीतून उजाडताच चढायला लागा. वाटेत लोखंडी शिडी आहे. तिथे एकाने पूर्ण वर पोचल्यावरच दुसऱ्याने पाय ठेवायचा. माणशी तीन लिटर पाणी घ्या. वर भोराई देवीचं देऊळ आणि भोर संस्थानच्या पंतसचिवांचा वाडा आहे. वाड्याच्या ओसरीवर सावलीत बसून भाकरी-चटणी खा, तो अर्धा तास माझ्या फार जवळचा आहे.

उतरल्यावर लगेच उन्हेऱ्याच्या कुंडात उडी घेऊ नका. आधी लिंबू-सरबत प्या, अंग निवू द्या, मग पाय सोडून बसा. पाणी चांगलंच कढत असतं, दहा मिनिटं पुरे. चांदीची जोडवी, अंगठी आधीच काढून ठेवा, गंधकाने काळी पडतात. गरगरलं तर ताबडतोब बाहेर या. आणि त्या दिवशी परतीचं ड्रायव्हिंग नकोच, पालीतच मुक्काम करा.