पुण्यात नवीन आहे, दाढ ठणकतेय, चांगला डेंटिस्ट कसा शोधायचा?

तुमचा प्रश्न वाचला. लातूरहून महिनाभरापूर्वी धायरीत आलात, डावीकडची खालची दाढ रात्री ठणकते, मॅपवर बघितलं तर घराभोवती वीस-पंचवीस दवाखाने आणि सगळ्यांना पावणेपाच स्टार, मग जायचं कुणाकडे, आणि पुढे दात खराब होऊ नयेत म्हणून काय करायचं. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. पण १५ वर्षं सिंहगड रोडला राहतेय आणि या रोडवर जेवढं खोदकाम झालंय साधारण तेवढंच माझ्या तोंडात झालंय, त्या हक्काने लिहिते.

आधी तुमचा ठणका. आडवं झालं की वाढतो, गार-गरम लागलं की कळ येते आणि बराच वेळ थांबत नाही, असं असेल तर कीड बहुतेक दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचलीय, आणि मग ही चांगला-वाईट निवडत बसायची वेळ नाही. आज-उद्या जो जवळचा असेल त्याच्याकडे जाऊन आधी दुखणं थांबवून घ्या, पुढचं सगळं काम त्याच्याकडूनच करून घ्यायचं असं काही लिहून दिलेलं नसतं. गालावर सूज आली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळायला त्रास व्हायला लागला तर मात्र रात्रीचे दोन वाजलेले असोत, सरळ हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

आणि मेडिकलवाल्याला विचारून अँटिबायोटिक घेऊ नका प्लीज. सडलेली नस दाढेच्या आत असते, गोळीने ती बरी होत नाही, आपल्याला मात्र वाटतं काम झालं. आपोआप थांबलेल्या ठणक्याचंही तेच, पुष्कळदा नस मेलेली असते म्हणून दुखत नाही, खाली मुळाशी पू साठायचं काम चालूच. लवंग धरली तर थोडा वेळ बरं वाटतं, धरा, पण तिचं तेल हिरडीवर ओतू नका, भाजतं. आमच्या मामाने तर ॲस्पिरिनची गोळी दाढेशेजारी दाबून ठेवली होती रात्रभर, सकाळी दाढ होती तशीच ठणकत होती आणि वर हिरडी पांढरीफटक भाजलेली.

आता चांगला डेंटिस्ट. हे मी कशी शिकले ते सांगते कारण त्यातच सगळं आलं. मी कोरेगावकडची. दहा वर्षांची असताना खालची उजवी दाढ किडली, आईने तालुक्याला नेऊन काढून टाकली, म्हणाली दुधाची आहे, परत येईल. तीस वर्षं झाली, अजून येतेय. ती दुधाची नव्हतीच! सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ येते ती कायमची असते, एकही दात न पाडता गुपचूप मागे उगवते म्हणून घरच्यांना वाटतं ही पण दुधाचीच. तुमच्या घरात सहा-सात वर्षांचं पोर असेल तर आजच टॉर्च घेऊन बघा. खाचांमध्ये काळं दिसत नसेल तरी एकदा डेंटिस्टला दाखवून सीलंट (खाचा बुजवणारा पातळ थर) लावायचं का विचारा, पटकन होणारं काम आहे, इंजेक्शन नाही की ड्रिल नाही.

तर ती जागा रिकामी राहिली आणि मागची दाढ हळूहळू पुढे कलंडली, त्या फटीत रोज अन्न अडकायचं, आणि बरोबर, तिथेच कीड. पुण्यात आल्यावर एका चकचकीत दवाखान्यात गेले, काचेची केबिन, फिल्टर कॉफी वगैरे. दहा मिनिटांत मला सात दातांचं काम सांगितलं, तीन रूट कॅनल, एक इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावतात तो दात), बाकी सिमेंट, आणि आजच निम्मे भरले तर डिस्काउंट. भाजी घेताना मी पाच रुपयांसाठी भांडते, तिथे मात्र मान हलवत बसले होते, कारण तोंडात कापूस आणि डोक्यावर तो लाइट. नशीब म्हणजे कार्ड घरी विसरलं होतं.

बाहेर पडता पडता तिथल्या असिस्टंट मुलीला विचारलं की कुठले कुठले दात ते लिहून दे, तिने नंबर लिहून दिले. तेव्हा कळलं की प्रत्येक दाताला दोन आकडी नंबर असतो, पहिला आकडा जबड्याचा भाग सांगतो, वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४, आणि दुसरा आकडा मधोमध समोरच्या दातापासून मागे मोजत जायचा, १ ते ८, आठवी म्हणजे अक्कलदाढ. माझी गेलेली दाढ ४६, कलंडलेली ४७. ती चिठ्ठी पर्समध्ये ठेवून मी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि चिठ्ठीबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त म्हटलं चेकअप करायचंय. त्यांनी आरसा धरून मला माझंच तोंड दाखवलं, छोटे एक्स-रे काढून स्क्रीनवर बोट ठेवून सांगितलं की ही ४७ भरायला हवी, ३६ ला बारीक डाग आहे पण सहा महिने बघू, बाकी क्लीनिंग करा आणि रात्री ब्रश करा. सातातल्या पाचांचं नावच नाही. मी विचारलं मग रिकाम्या जागेचं काय, तर म्हणाल्या इतकी वर्षं काढलीत ना, घाई नाही, पैसे जमले की बोलू. तेव्हापासून मी त्यांच्याकडेच. नाव विचारू नका, इथे जाहिरात वाटेल.

म्हणून तुम्हालाही हेच सांगणं आहे. ठणका उतरला की मोठ्या कामाला हो म्हणायच्या आधी दातांचे नंबर लिहून घ्या, एक्स-रे मागून घ्या (तुम्ही पैसे दिलेत, तुम्हाला मिळायला हवा) आणि पहिल्याने काय सांगितलं ते न सांगता दुसऱ्या डेंटिस्टला दाखवा. दोघांचं थोडंफार वेगळं येणारच, बारीक डाग एक जण भरतो, दुसरा थांबतो, त्यात लगेच चोर ठरवायचं कारण नाही. पण दोन आणि सात एवढा फरक आला, आणि वर आजच्या आजची घाई, तर पळा.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणार असाल तर "चांगला डेंटिस्ट सांगा" असं विचारू नका, त्यावर वीस जण आपापल्या मेव्हण्याचं नाव टाकतात. असं विचारा की रूट कॅनल करून पाच वर्षं झालीत आणि ती दाढ अजून तोंडात आहे, असं कोण आहे? मग चार-पाचच उत्तरं येतील पण कामाची येतील.

डिग्रीचं थोडक्यात सांगते. भिंतीवर बीडीएस (दातांच्या डॉक्टरची मूळ डिग्री) किंवा एमडीएस (त्यापुढची, एकेका विषयातली) आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा रजिस्ट्रेशन नंबर असायला हवा, नुसतं "दातांचे तज्ज्ञ" लिहिलेलं नको. साधं सिमेंट, क्लीनिंग, दाढ काढणं यासाठी अनुभवी बीडीएस उत्तम. एमडीएस वेगवेगळ्या विषयातले असतात, रूट कॅनलवाले वेगळे, तारा लावणारे वेगळे, हिरड्यांचे वेगळे, लहान मुलांचे वेगळे, आणि छोट्या क्लिनिकमध्ये हे लोक ठरलेल्या वारी व्हिजिटला येतात, म्हणून बिनधास्त विचारा की माझं काम नक्की कोण करणार. हत्यारं सीलबंद पाऊचमधून तुमच्या समोर फोडतात का तेही बघा. आणि रूट कॅनलनंतर दाढेवर कॅप सांगितली तर ते बहुतेक वेळा लुटणं नसतं हो, आतून पोकळ झालेली दाढ भाकरी चावताना उभी चिरते, चिरली की मग काढावीच लागते. कॅपचे पैसे वाचवून दाढ घालवलेले दोघे जण आमच्याच बिल्डिंगमध्ये आहेत.

बजेट टाइट असेल तर तुम्ही चांगल्या जागी राहताय. वडगावला सिंहगडचं डेंटल कॉलेज आहे, धनकवडीला भारती विद्यापीठाचं, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला. कॉलेजच्या ओपीडीत केसपेपर काढायचा, विद्यार्थी काम करतात आणि सर-मॅडम येऊन तपासतात. बाहेरच्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं, फक्त वेळ जातो, बाहेर एका बैठकीत होणाऱ्या कामाला इथे तीन चकरा. माझ्या सासऱ्यांची कवळी कॉलेजातच झाली, त्या पोरीने इतक्या वेळा माप घेतलं की सासरे वैतागले, पण आज ते त्या कवळीने शेंगदाणे खातात.

आता काळजीचं. आमची आजी मिसरी लावायची, सकाळ-संध्याकाळ तव्यावर भाजलेला तंबाखू, म्हणायची दात मजबूत राहतात. १९९२ मध्ये सरकारने टूथपेस्ट-टूथपावडरीत तंबाखू घालायला बंदी केली पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार. हिरड्या खाली उतरत गेल्या, पंचावन्नाव्या वर्षी तोंडात चार दात. तुमच्या घरी आई-आजी मिसरी लावत असतील किंवा कुणी तंबाखू-सुपारी-गुटखा खात असेल तर ओरडू नका, ओरडून कुणी सोडत नाही, पण डेंटिस्टकडे घेऊन जा. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, किंवा तिखट सोसेना आणि आपलीच तीन बोटं उभी तोंडात जाईनाशी झाली, तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. उष्णतेने तोंड आलंय म्हणत लोक महिने काढतात.

कीड लागते ती गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं यावर जास्त. प्रत्येक वेळी जंतू त्या साखरेचं ॲसिड करतात, लाळेला ते निस्तरायला अर्धा-पाऊण तास लागतो. जेवणात दोन पुरणपोळ्या हाणल्या तर एकदाच हल्ला, पण दिवसभर दर तासाला चहा-बिस्किट म्हणजे लाळेला सुट्टीच नाही. माझं ऑफिसात अगदी हेच चालायचं.

ब्रश दोनदा, त्यातला रात्रीचा चुकवायचा नाही कारण झोपेत लाळ कमी होते. ब्रश मऊ घ्या, जोर लावून भांडी घासल्यासारखं नको. पेस्ट कुठलीही चालेल, ट्यूबच्या मागे फ्लोराइड आहे का बघा, मोठ्यांसाठी १००० पीपीएम किंवा थोडं वर असलं की झालं, कोळसा नि मीठ हे जाहिरातीपुरतं. आणि एक गोष्ट आपल्याला जमत नाही, ब्रश झाल्यावर खळखळून चूळ भरायची नाही, नुसतं थुंकायचं, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. मला पहिले पंधरा दिवस किळस यायची. लिंबू-कोकम-चिंचेने दात आंबले असतील तर लगेच ब्रश नको, अर्धा तास जाऊ द्या.

क्लीनिंगने दात हलायला लागतात असं आमचे बाबा ठामपणे सांगायचे. दात हलत असतात ते हिरडीच्या आजारानेच, फक्त दातांवर साठलेल्या दगडी थराने ते धरून ठेवल्यासारखे वाटतात, थर निघाला की फटी दिसतात आणि खापर क्लीनिंगवर. बाबांना शुगर आहे. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो, असं दोन्हीकडून चालतं. हे त्यांना त्यांच्या शुगरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कुठे पटलं, मी पाच वर्षं सांगत होते ते नाही.

बरं, डावीकडची खालची म्हणताय म्हणजे तुमची बहुतेक ३६ किंवा ३७ निघेल. उद्या जाऊन या, फाईलवर काय लिहिलं आणि काय काय करायला सांगितलं ते इथेच टाका, मी आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवते. आणि जाताना कार्ड घरी ठेवून जा.