सर्क्युलर कुणाच्या हातात पडलं?

वाचकांचे प्रश्न : घरचा कचरा

प्रश्न : ताई, मी आमच्या ४८ फ्लॅटांच्या सोसायटीची दोन वर्षं सेक्रेटरी आहे. ओला-सुका वेगळा करा म्हणून तीन सर्क्युलर काढली, दंडाचा ठराव केला. दोन घरांशी तर बोलणंच बंद झालं. आता लोक म्हणतात, ‘गाडीत सगळं एकत्रच ओततात, मग आम्ही कशाला कष्ट घ्यायचे?’ काय उत्तर देऊ? खरं सांगते, थकले आहे.

उत्तर : तुमचा थकवा मला कळतो. कोथरूडच्या आमच्या ३६ घरांत मी हे काम ११ वर्षांपूर्वी हाती घेतलं, तेव्हा पहिले आठ महिने मीही सर्क्युलरच काढत होते. लिफ्टमध्ये लावली, जिन्यात लावली. काही फरक पडला नाही.

मग एके दिवशी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींबरोबर सकाळी साडेसात ते साडेनऊ खाली उभी राहिले. त्यांनी एक काळी पिशवी सोडली. आत आठवड्याभराचे पेपर होते, काहींची घडीही मोडलेली नव्हती, आणि त्यावर कुणीतरी उरलेली आमटी ओतली होती. मावशींनी एकेक अंक सोडवून पाहिला. तळाचे दोन कोरडे निघाले, ते पोत्यात टाकले. ‘बाकीचं गेलं, भंगारवाला घेत नाही,’ एवढंच म्हणाल्या. पुढच्या पिशवीत फुटका ग्लास होता. तो त्यांनी इतका सावकाश बाहेर काढला की मी त्यांच्या हाताकडे नीट पाहिलं. तर्जनीवर जुन्या टाक्यांचा व्रण होता. विकण्याजोगा सुका माल ही त्यांची कमाई, आणि ती त्या आमच्या आमटीतून शोधत होत्या. त्या दिवसापासून मी ‘स्वच्छ परिसर’ वगैरे लिहिणं सोडलं. मीटिंगमध्ये उभी राहून हेच सांगितलं, आमटीसकट. तुम्हीही कमिटीतल्या दोघा-तिघांना एकदा सकाळी खाली घेऊन जा.

या बायकांबद्दल लोकांना फार कमी माहिती असते. पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या साथीनं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना बांधली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था झाली, आणि महापालिकेशी करार करून ती घरोघरचा कचरा नेऊ लागली. दारात येणारी बाई त्या संस्थेची सभासद, म्हणजे मालकीण असते. हे सांगितल्यावर आमच्या जिन्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना पाणी विचारलं.

आता दुसरी गोष्ट, जी माझ्याही फार उशिरा लक्षात आली. तुमच्या ४८ घरांत डस्टबिन रोज कोण रिकामं करतं? बहुतेक घरांत कामाच्या ताई. तुमची तिन्ही सर्क्युलर साहेब-मॅडमांच्या व्हॉट्सॲपवर गेली. ज्यांच्या हातात बादली आहे, त्यांच्यापर्यंत एकही पोहोचलं नाही. आम्ही आमच्याकडच्या १४ जणींना दुपारी एक वाजता पार्किंगमध्ये बोलावलं, खुर्च्या मांडल्या, चहा-पोहे केले. मावशींनीच त्यांना सांगितलं की दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून वेगळा करू नका, तो बारीक तुकडा नंतर सापडत नाही. पिशवी विसळून वाळवली की तिला भाव मिळतो. एका ताईंनी विचारलं, ‘चहाचा चोथा कुठं? आणि टी-बॅग?’ इतका नेमका प्रश्न आमच्या सर्वसाधारण सभेत कधी कुणी विचारला नव्हता. पंधरा दिवसांत ३६ पैकी २९ घरांचा कचरा नीट वेगळा येऊ लागला. तुम्ही हे याच आठवड्यात करा. दंडाचा ठराव तूर्त कपाटात ठेवा.

राहिला गाडीचा प्रश्न. आधी स्वतः पाहा, कारण ऐकीव गोष्ट भराभर पसरते. पाच दिवस गाडीपाशी थांबा. कधी एकाच गाडीत मधे पत्रा घालून दोन कप्पे केलेले असतात आणि वरून ते दिसत नाहीत. खरंच एकत्र होत असेल तर तारीख-वेळेसह फोटो काढा आणि २०-२५ जणांच्या सह्यांनी वॉर्डाच्या आरोग्य निरीक्षकांकडे लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका. घरातच कचरा वेगळा करण्याची जबाबदारी घनकचरा नियमांनी आपल्यावर टाकली, तशी तो वेगळाच वाहून नेण्याची जबाबदारी पालिकेवरही टाकली, हे तक्रारीत लिहा.

पण मला विचाराल तर त्यावर अवलंबून राहू नका. ओला कचरा गेटबाहेर जाऊच देऊ नका. आवारातच खत केलं की गाडीत जातो तो फक्त सुका, मग एकत्र करायला उरतं काय? ४८ घरांचा रोजचा ओला कचरा साधारण २५ किलो धरा. पार्किंगच्या मागं जाळीदार विटांचे तीन-चार हौद त्याला पुरतात. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीत जाऊन पडला, तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, शेवटी गावकऱ्यांना गाड्या अडवाव्या लागल्या. आपली भाजीची देठं दुसऱ्याच्या विहिरीत कशाला?

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे, भाड्याच्या घरात तिघी राहतो. सॅनिटरी पॅड कशात टाकायचे? विचारायला अवघड वाटतं.

उत्तर : बरं केलंत विचारलंत. ओल्यात नाही आणि सुक्यातही नाही, वेगळंच द्यायचं. पॅड जुन्या पेपरात घट्ट गुंडाळा, दोऱ्यानं बांधा आणि वर लाल पेननं मोठा ठिपका काढा. पुण्यात ‘स्वच्छ’च्या बायकांनीच हा लाल ठिपका रुजवला. तो दिसला की पुडी उघडायची नाही, हे त्यांना कळतं. बाळांच्या डायपरलाही हेच. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका; आत काय आहे हे कळत नाही म्हणून ती उघडावी लागते, आणि उघडणारा हात पुष्कळदा उघडाच असतो. कापडी पॅड किंवा मेन्स्ट्रुअल कप जमत असेल तर कचराच होत नाही. पण तो ज्याच्या-त्याच्या शरीराचा निर्णय, त्यात कुणाचा आग्रह नको.

प्रश्न : गॅलरीतल्या खताच्या ड्रमला वास येतो आणि अळ्या झाल्यात. बंद करू का?

उत्तर : बंद करू नका. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत पाणी जास्त आणि हवा कमी. तळाचं भोक तुंबलंय का बघा, सगळं काठीनं खालीवर करा आणि भरपूर सुकी पानं किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला. रोजचा हिशेब सोपा : जेवढा ओला कचरा, निदान तेवढीच सुकी पानं वरून. अळ्या बहुधा काळ्या सोल्जर माशीच्या असतील. त्या चावत नाहीत, कचरा झपाट्यानं खातात. कोरडं पांघरूण जाड ठेवलंत की वर दिसणार नाहीत. पातळ आमटी आणि ताक ओतू नका. नारळाची करवंटी घालू नका, ती वर्षभर तशीच राहते.

आणि पानं वेळीच जमवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेला ढीग पडतात आणि लोक ते पेटवून देतात. झाडणाऱ्या दादांना सांगून तीन-चार पोती भरून घ्या, गॅलरीत कोरडी राहतील अशी ठेवा. जुलैत कचरा सर्वांत ओला असतो, आणि तेव्हा सुकं पान शोधूनही सापडत नाही.