जहाज दिसतंय, कंटेनर कुठे आहे?

प्रश्न : यंत्रांचे सुटे भाग समुद्रमार्गे मागवून आम्ही कारखान्यांना पुरवतो. लाल समुद्र टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागल्यापासून आमचे दोन कंटेनर पाच आठवडे लांबलेत. दर सोमवारी नवी तारीख मिळते. विमा कंपनी उशिराचं नुकसान देईल का? माल विमानाने मागवावा का? आणि गिऱ्हाइकांना काय सांगायचं?

उत्तर : ती सोमवारची तारीख जहाजाची आहे की तुमच्या कंटेनरची, हे आधी बघा. वळशामुळे साधारण 10 ते 14 दिवस वाढतात. तुमचे पाच आठवडे त्यात बसत नाहीत. बाकीचे दिवस बहुधा मधल्या एखाद्या बंदराच्या यार्डात गेलेत, जिथे कंटेनर एका जहाजावरून उतरवून दुसऱ्यावर चढवतात.

2024च्या जानेवारीत मी यात फसले. रुग्णालयाच्या यंत्राचा कंटेनर होता. नकाशावर जहाज बंदराला लागलेलं दिसलं, म्हणून मी ट्रक सांगितला, जोडणी करणाऱ्या माणसांनाही बोलावून घेतलं. कंटेनर त्या जहाजावर नव्हताच. त्याच्या नोंदींत मधल्या बंदराचं नाव होतं, पुढे ‘उतरवला’, आणि ‘चढवला’ची ओळच नव्हती. तो तिथे 19 दिवस पडून राहिला. रुग्णालयाच्या माणसाचा तो फोन मला अजून आठवतो. तेव्हापासून मी जहाजाच्या नावाने शोधतच नाही, कंटेनर नंबर टाकते. लाइनला, म्हणजे जहाज कंपनीला, एकच गोष्ट विचारा : पुढच्या कुठल्या जहाजावर आमच्या कंटेनरची जागा पक्की आहे? उत्तर लेखी घ्या.

विम्याचं सांगते. मालवाहतुकीच्या नेहमीच्या पॉलिसीत उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं, उशिराचं कारण विम्यात बसत असलं तरी. पण म्हणून पॉलिसी बाजूला ठेवू नका. तुमच्या हातात नसलेल्या उशिराच्या काळात संरक्षण साधारणपणे चालू राहतं. लाइनने मधल्याच बंदरात ‘प्रवास इथे संपला’ म्हणून माल उतरवला, तर मात्र विमा कंपनीला ताबडतोब कळवून संरक्षण पुढे चालू करून घ्यावं लागतं. हे अनेकांना ठाऊक नसतं. आणि 2021 आठवा. ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात 23 ते 29 मार्च अडकलं, मग मालकांनी ‘जनरल अॅव्हरेज’ जाहीर केलं. म्हणजे जहाज सोडवण्याच्या खर्चात मालवाल्यांचाही वाटा. अशा वेळी विमा असेल तर हमी विमा कंपनी देते, नसेल तर रोख अनामत भरल्याशिवाय माल हातात येत नाही. त्यामुळे बिन-विम्याचा माल पाठवू नका, हे मी कळकळीने सांगते.

विमानाने सगळा माल आणू नका. विमानात वजन आणि आकारमान यांत जे जास्त भरेल त्यावर भाडं लागतं : एक घनमीटर म्हणजे 167 किलो धरतात. बेअरिंग, सेन्सर, सील असे लहान भाग, ज्यांच्यावाचून गिऱ्हाइकाचं यंत्र बंद पडेल, तेवढेच नव्याने मागवा. पोकळ, मोठी झाकणं समुद्रानेच येऊ देत.

कुठले भाग ते कसं ठरवायचं? गिऱ्हाइकांना फोन करून. ‘तुमच्याकडे किती दिवस पुरेल एवढा साठा आहे?’ एवढंच विचारा. एक तारीख सांगू नका. लवकरात लवकर कधी आणि उशिरात उशिरा कधी, अशा दोन सांगा आणि पुढचा फोन कधी करणार तेही सांगा. त्या दिवशी नवीन काही कळलं नसलं तरी फोन कराच. कारखानदार उशीर सोसतो, पण आपल्याला अंधारात ठेवलं हे तो विसरत नाही.

एक राहिलं. असे अडकलेले कंटेनर पुष्कळदा एकदमच येतात. फ्री डेज, म्हणजे बंदरात कंटेनर फुकट ठेवायचे दिवस, संपले की डेमरेज, म्हणजे रोजचा दंड, सुरू होतं, तेही दोन्ही कंटेनरवर. बीएल (माल चढवल्याची लाइनची पावती), बीजक, कस्टमची कागदपत्रं आजच तयार ठेवा आणि लाइनकडे वाढीव फ्री डेजची मागणी जहाज लागण्याआधी करा. नंतर मागितले तर क्वचितच मिळतात.