मल्टिइफेक्टमधून गिटार थेट मिक्सरला दिली की डिस्टॉर्शन भणभणतं, नाहीतर दबतं. आयआर नेमका कसा वापरायचा?

तुमच्या प्रश्नातलं मुख्य एवढं: घर वडगावात, भिंतीला लागून यंत्रमाग, रात्री हेडफोनवर सराव, आणि गणपतीत ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर ॲम्प न नेता मल्टिइफेक्ट (अनेक इफेक्ट आणि ॲम्पच्या नकला असलेलं पेडल) थेट मिक्सरला. आयआरच्या (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकर कॅबिनेटच्या आवाजाची नोंद) फाइली ढिगानं उतरवून घेतल्यात, तरी सूर एका ठिकाणी भणभणतो आणि दुसऱ्या ठिकाणी कोंदट होतो.

हे दोन वेगळे दोष आहेत. भणभण येते तेव्हा साखळीत कॅब (स्पीकरचा खोका, म्हणजे कॅबिनेट, किंवा त्याची नक्कल) नसतोच. कोंदट, नाकातून आल्यासारखा आवाज येतो तेव्हा कॅब दोनदा लागलेला असतो. म्हणून नवीन फाइल शोधण्याआधी कॅब कुठे लागतोय ते शोधा. माझ्या मते निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

गिटारचा १२ इंची स्पीकर घरातल्या म्युझिक सिस्टीमसारखा सगळे स्वर सारखे वाजवत नाही. सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० चा कंपनीनं दिलेला पल्ला ७० ते ५००० हर्ट्झ आहे, त्याच्या वर आवाज झपाट्यानं पडतो. डिस्टॉर्शन मात्र त्याच्या कितीतरी वरपर्यंत हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) तयार करतं. खरा कॅबिनेट ते गाळून टाकतो. हेडफोन आणि पीएचे (स्टेजच्या साउंड सिस्टीमचे) टॉप स्पीकर ते जसंच्या तसं ऐकवतात, तीच तुमची भणभण.

आयआर म्हणजे त्या गाळणीचा नेमका नकाशा. कॅबिनेटसमोर माइक ठेवून खालपासून वरपर्यंत सरकणारा स्वर वाजवतात, रेकॉर्ड करतात आणि गणितानं त्याची छोटी डब्ल्यूएव्ही फाइल काढतात. त्यात स्पीकर, खोका, माइक, माइकची जागा आणि प्रीॲम्प एवढं सगळं एकत्र गोठलेलं असतं. जोरात वाजवल्यावर खुद्द स्पीकरचा आवाज थोडा फाटतो, दबतो, ते यात येत नाही. स्टेजवर ॲम्पसमोर उभं राहून मिळणारा लांबणारा फीडबॅकही हेडफोनवर मिळणार नाही. ते आयआरकडून मागू नका.

आता तपासणी. हाय गेनचा (जास्त डिस्टॉर्शनचा) एकच पॅच, म्हणजे साठवलेलं सेटिंग, घ्या, कॅब ब्लॉक बंद-चालू करा. बंद केल्यावर आवाज एकदम कर्कश झाला तर कॅब तिथं आहे आणि एकच आहे. बंद केल्यावर उलट मोकळा आणि बरा वाटला तर दुसरा कॅब कुठंतरी लपलाय. तो बहुतेक तीन ठिकाणी सापडतो: ॲम्प मॉडेलच्या आतच जोडलेला, ग्लोबल सेटिंगमधल्या आउटपुट प्रकारात, किंवा छोट्या प्रॅक्टिस ॲम्पच्या हेडफोन आउटमध्ये. असे बरेच ॲम्प हेडफोन सॉकेटवर कॅबची नक्कल आधीच लावून देतात. तिथून आवाज घेऊन पुढं कॉम्प्युटरवर पुन्हा आयआर लावला की झालाच कोंदट.

कॉम्प्युटरवर क्रम असा: गिटार ऑडिओ इंटरफेसच्या हाय-झेड (गिटारसाठीच्या) इनपुटला, इनपुट लेव्हल जोरात कॉर्ड मारल्यावर उणे १२ डीबीच्या आसपास, मग गेट (वाजवत नसताना आवाज बंद करणारा), ओव्हरड्राइव्ह, ॲम्प, त्यानंतर आयआर लोडर, शेवटी डिले आणि रिव्हर्ब. न्यूरल ॲम्प मॉडेलर हा ॲम्पची नक्कल करणारा प्लगइन फुकट आहे आणि त्यात आयआर टाकायची सोय आहे. इग्नाइट ॲम्प्सचा नॅडआयआर हाही फुकट लोडर आहे. सुरुवातीला पैसे घालायची गरज नाही. बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवलं तर एका बफरचा उशीर जेमतेम २.७ मिलिसेकंद होतो. कटकट आवाज यायला लागला तर २५६ करा.

इक्वलायझर आयआरच्या आधी लावा की नंतर, फरक पडत नाही, दोन्ही रेषीय आहेत. डिस्टॉर्शनच्या आधी की नंतर, यानं मात्र सगळं बदलतं. आणि स्टिरिओ रिव्हर्ब मोनो आयआरच्या आधी लावला तर रुंदी तिथंच संपते.

सॅम्पल रेटकडं लक्ष द्या. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ वर चालणाऱ्या यंत्रात रूपांतर न करता घातली तर सगळे चढउतार सुमारे ९ टक्के वर सरकतात. ३००० हर्ट्झवरचा उंचवटा ३२६५ च्या जवळ जातो आणि तोच आयआर पातळ, बोचरा लागतो. चांगले लोडर रूपांतर स्वतः करतात, काही पेडल करत नाहीत. पेडलच्या पुस्तिकेत काय मागितलंय ते वाचून फाइल आधीच बदलून घ्या. पुष्कळ पेडल फक्त पहिले १०२४ किंवा २०४८ सॅम्पल वापरतात. ४८ वर १०२४ म्हणजे २१ मिलिसेकंद. जवळून माइक लावलेल्या कॅबला ते पुरतं. लांब माइकच्या, खोलीची गुंज धरलेल्या फाइलींचं शेपूट मात्र तुटतं. त्या पेडलमध्ये घालूच नका.

निवड करताना फाइलच्या नावातले दोन शब्द बघा: स्पीकर आणि माइकची जागा. व्हिंटेज ३० चे वरचे मिड पुढं येतात, गर्दीत सोलो ऐकू येतो. सेलेस्टियनचाच ग्रीनबॅक मऊ, जुन्या रॉकच्या रिदमला गोड. सिनेमाच्या गाण्यांच्या स्वच्छ कॉर्डला मागून उघडा १×१२ किंवा २×१२ कॅब (एक किंवा दोन १२ इंची स्पीकरचा) बरा, चार स्पीकरचा बंद खोका तिथं जड होतो. माइक स्पीकरच्या मधल्या टोपीवर असेल तर सूर धारदार, टोपीच्या कडेला संतुलित, शंकूकडे सरकला की काळोखा. दोन-तीन सेंटिमीटरचा हा फरक स्पीकर बदलण्याइतका ऐकू येतो. म्हणून दहा कॅब चाळण्यापेक्षा एकच कॅब, शूर एसएम ५७ माइक आणि टोपीची कड, एवढं धरा आणि तिथून इकडे-तिकडे सरका. तुलना करताना आवाज सारखा ठेवा. एक डीबी मोठा असलेला आयआर कानाला नेहमी चांगलाच वाटतो आणि फसवतो.

दोन आयआर मिसळायचे असतील, समजा एसएम ५७ आणि रॉयर आर-१२१ या माइकचे, तर फेज जुळते का, म्हणजे दोन्हींच्या लहरी एकत्र वर-खाली होतात का, ते तपासा. दोन्ही सारख्या आवाजात लावून एकाची पोलॅरिटी उलटी करा. उलटी केल्यावर आवाज खूप पातळ झाला तर जुळणी चांगली आहे. उलटं केल्यावर भरदार झाला तर ते एकमेकांच्या पुढं-मागं सरकलेले आहेत, नाहीतर एकाची पोलॅरिटी आधीच उलटी आहे. एका मिलिसेकंदात आवाज साधारण ३४ सेंटिमीटर जातो, यावरून माइकच्या अंतराचा परिणाम लक्षात येईल. एकाच पॅकमधले, मिनिमम फेज केलेले (सुरुवात एकसारखी जुळवलेले) आयआर घेतले की ही कटकट राहत नाही.

आयआरनंतर लो कट (त्याच्या खालचं कापणारा) ८० ते १०० हर्ट्झ आणि हाय कट (वरचं कापणारा) ७ ते ८ किलोहर्ट्झ, उतार १२ डीबी प्रति ऑक्टेव्ह. एखादी शिट्टी टोचत असेल तर ३ ते ४ किलोहर्ट्झमध्ये अरुंद बँड फिरवत शोधा आणि ३ डीबी कमी करा, जास्त नको.

रात्री हळू आवाजात केलेला पॅच मांडवात बोचतो, याचं कारण कानाचं आहे: कमी आवाजात खर्ज आणि तार कमी ऐकू येतात, मग आपण ते वाढवून ठेवतो. पॅच शेवटचा ठरवायचा तो साउंड चेकच्या आवाजात. मंडळांच्या सिस्टीमचा बेस आधीच चढवलेला असतो, तेव्हा स्टेजच्या पॅचवर लो कट १२० पर्यंत न्या. ती जागा बेस गिटार, ढोलक आणि ऑक्टोपॅडची आहे. पीए बहुधा मोनो असतो, म्हणून डावा/मोनो आउटच द्या. साउंडवाल्याला सांगा, “दादा, चॅनल फ्लॅट ठेवा, कॅब लावूनच देतोय.” ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (पेडल आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायचा डबा) सोबत ठेवा, फँटम पॉवरपासून (मिक्सर माइकसाठी केबलमधून पाठवतो त्या विजेपासून) पेडल वाचतं आणि ग्राउंडचा गुंजारव तुटतो. आयत्या वेळी मिक्सरऐवजी कोणाचा गिटार ॲम्प मिळाला तर पुढच्या इनपुटला जाऊ नका. मागच्या एफएक्स रिटर्न सॉकेटमध्ये जा, म्हणजे ॲम्पचा प्रीॲम्प वगळला जातो, आणि आयआर बंद करा, कारण खरा स्पीकर समोर आहे. त्यासाठी आयआर बंद असलेला दुसरा पॅच आधीच करून ठेवा की.

कोणाचा ट्यूब ॲम्प वापरून आयआर लावायचा विचार असेल तर त्याचा स्पीकर काढून नुसती केबल कधीही लावू नका. स्पीकरच्या जागी योग्य ओहमचा लोड बॉक्स हवाच, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

राहिला यंत्रमागाचा प्रश्न. मोटारींचं चुंबकीय क्षेत्र सिंगल कॉइल पिकअपमध्ये शिरतं, त्यातला बराचसा भाग ५०, १००, १५० हर्ट्झ आणि त्यांच्या वरच्या पटींत असतो. आयआर आणि लो कट यांनी तो जात नाही, कारण १०० च्या वर गिटारही तिथंच आहे. बसल्या जागी गिटार हळूहळू फिरवा, एका दिशेला गुंजारव स्पष्ट कमी होतो; खुर्ची तशीच लावा. लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा, ॲडॉप्टरचा वाटा किती ते कळेल. मग गेट ॲम्पच्या आधी लावा, तारा न वाजवता थ्रेशोल्ड (गेट उघडायची आवाजाची पातळी) गुंजारव बंद होईपर्यंतच वर न्या. त्याच्या पुढं नेला तर लांबवलेल्या स्वराचं शेपूट कापलं जातं. तरीही त्रास राहिला तर हम कॅन्सलिंग (गुंजारव कापणारं) पिकअप बसवणं हाच खरा उपाय.