एमआरआयमधले पांढरे ठिपके
अगं तुझ्या मेंदूच्या एमआरआय रिपोर्टमध्ये डीमायलिनेशन (म्हणजे नसांवरचं आवरण खराब होणं) वाचून एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्यात आपलीच प्रतिकारशक्ती हे आवरण खराब करते) झालाच असं धरून बसू नकोस, पांढरे ठिपके मायग्रेनमुळे, बीपीमुळे, नुसत्या वयानेही दिसतात. ते नेमके कुठे आहेत आणि काँट्रास्टने (एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात त्या औषधाने) कुठला चमकतो ते न्यूरोवाल्यांना विचार, चमकला तो ताजा. बी१२ची रक्ततपासणी केलीयस का? शाकाहारी आहेस ना, मग ती आधी कर, बी१२ कमी असलं तरीही पाय बधिर होतात. एनएमओ, मॉग या एमएससारख्या वाटणाऱ्या पण वेगळ्या आजारांच्या अँटीबॉडीची तपासणी सांगितली तर महाग म्हणून टाळू नकोस बाई, एमएसची काही औषधं एनएमओत उलट त्रास वाढवतात. लक्षणं तारखेसकट लिही, मुंग्या आल्या नि दोन मिनिटांत गेल्या तर त्याला एमएसचा अटॅक धरत नाहीत, २४ तास तरी टिकायला हवं. पण डोळा हलवताना दुखत असेल, लाल रंग एकाच डोळ्याला फिका दिसत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच दाखव.