रुई बार्बोसा यांनी गुलामगिरीची दप्तरे खरोखर जाळली का?

ब्राझीलच्या प्रजासत्ताकाचे पहिले अर्थमंत्री रुई बार्बोसा हे अपयशी मंत्री होते का आणि गुलामगिरीचा इतिहास पुसण्यासाठी त्यांनी सरकारी दप्तरे जाळली का, असे आपण विचारले आहे. पहिल्या आरोपात बरेच तथ्य आहे. दुसऱ्याचा विचार करताना मात्र ते आधी वकील होते आणि मग मंत्री, हे लक्षात ठेवावे लागते.

त्यांचा जन्म 1849 मध्ये बाहिया प्रांतातील साल्व्हादोर येथे झाला. कायद्याचे शिक्षण रेसिफे आणि साओ पाउलो येथे घेऊन ते 1870 मध्ये पदवीधर झाले आणि पुढे न्यायालय, वृत्तपत्र व संसद अशा तिन्ही ठिकाणी गुलामगिरीविरुद्ध झगडले. 15 नोव्हेंबर 1889 रोजी लष्कराने राजेशाही उलथवली, तेव्हा नुकतीच चाळिशी गाठलेल्या बार्बोसांच्या हाती खजिना आला.

वेतनावर मजूर ठेवू लागलेल्या देशात चलन अपुरे पडत होते, हे त्यांचे निदान चूक नव्हते. जानेवारी 1890 मध्ये त्यांनी काही बँकांना सरकारी रोख्यांच्या आधारावर नोटा काढण्याची मुभा दिली. त्यातून रिओच्या शेअर बाजारात असा जुगार माजला की केवळ कागदावर असलेल्या कंपन्यांचे समभागही हातोहात खपू लागले. शर्यतीपूर्वी घोड्यावर खोगीर चढवण्याला जो पोर्तुगीज शब्द आहे, तोच लोकांनी या काळाला दिला: ‘एन्सिल्यामेंतो’. पुढे बाजार कोसळला आणि 1889 मध्ये सुमारे 27 ब्रिटिश पेन्स असलेला मिलरेइस या ब्राझीलच्या चलनाचा भाव दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आला. सरकारी खर्चाची तपासणी करणारे लेखा न्यायाधिकरण मात्र याच मंत्र्याच्या कारकिर्दीत, नोव्हेंबर 1890 मध्ये, स्थापन झाले आणि ते आजही काम करते. नियम घडवणारा वकील त्यांच्यात बाजार ओळखणाऱ्या अर्थमंत्र्यापेक्षा थोर होता, असे माझे मत आहे.

आता दप्तरांविषयी. 1871 च्या कायद्याने गुलाम स्त्रियांची पुढे जन्मणारी मुले स्वतंत्र ठरवली आणि सर्व गुलामांची नोंदणी सक्तीची केली. या नोंदवह्या महसूल कार्यालयांत, म्हणजे अर्थखात्याच्या ताब्यात असत आणि मालकी सिद्ध करायची तर त्यांचाच आधार भक्कम होता. 13 मे 1888 रोजी गुलामगिरी रद्द झाली, पण मालकांना भरपाई मिळाली नाही, त्यामुळे त्यांची मागणी धुमसत राहिली. नोव्हेंबर 1890 मध्ये अशा भरपाईसाठी बँक काढण्याचा अर्ज आला, तेव्हा बार्बोसांनी तो फेटाळला आणि खजिन्यावर भार न टाकता माजी गुलामांनाच भरपाई देण्याचा मार्ग सापडला तर ते अधिक न्याय्य होईल, असा शेरा मारला. त्यानंतर सुमारे महिनाभराने, 14 डिसेंबर रोजी, नोंदवह्या राजधानीत मागवून जाळण्याचा आदेश निघाला.

आदेशाची भाषा राष्ट्राच्या सन्मानाची आहे, भरपाईची नाही, हे मान्य करायलाच हवे. तरीही दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या की प्रतिपक्षाच्या हातातला पुरावाच काढून घेणारा वकील मला त्यात स्पष्ट दिसतो. प्रत्यक्ष होळी पेटली ती 1891 मध्ये. जानेवारीत संपूर्ण मंत्रिमंडळासह राजीनामा देऊन बार्बोसा तोवर पदावरून दूर झाले होते.

किंमत मात्र गुलाम माणसांच्या वंशजांनी मोजली, आणि ही बाब मी बार्बोसांच्या बाजूने बोलतानाही झाकणार नाही. ज्या पणजीचे नाव, वय आणि मालक त्या वहीत लिहिलेले असे, तिचा माग आता चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींतून, खरेदीखतांतून आणि मृत मालकांच्या मालमत्तेच्या याद्यांतून काढावा लागतो. ती कागदपत्रे अर्थखात्याकडे नव्हती, म्हणून वाचली.