कार्डांची आगोट माघातच

प्रिय मित्रा,

तू पाठवलेली तुझ्या संग्रहातल्या खेळाडूंच्या कार्डांची यादी वाचली. खेळाडू, संघ, साल, मालिका, सगळे रकाने भरलेले आहेत. कार्डाच्या अवस्थेचा रकाना मात्र नाहीच, आणि बाजारात पैसे त्या रकान्याला मिळतात. एकाच छपाईतली, एकाच खेळाडूची दोन कार्डं असली आणि त्यातल्या एकाच्या कोपऱ्याचं टोक पांढरं पडलं असलं, की त्याला निम्मा भाव मिळाला तरी नशीब समज. म्हणून किंमत कशी काढायची हे नंतर. आधी कार्ड बघायचं कसं ते.

टेबलावर काळं कापड पसर, दिवा वरून न लावता बाजूने लाव, दहापट मोठं दाखवणारं भिंग घे. हात धुऊन कोरडे कर. घाम आलेला असेल तर थांब, आपल्याकडे कोकणात एप्रिल-मेमध्ये दुपारी हे काम करूच नये. कार्ड कडांना धरायचं. आधी चारही कोपरे, मग कडा, मग पृष्ठभाग. पृष्ठभागासाठी कार्ड दिव्याखाली हळूहळू तिरकं करत जा. सरळ बघताना न दिसणारे ओरखडे आणि दाबल्याच्या खुणा तिरक्या उजेडात दिसतात. चकचकीत क्रोम कार्डांवर कधी कधी छपाईतच आलेली एक बारीक उभी रेघ असते. ती कारखान्यातली असली तरी दोष म्हणूनच मोजतात. डाग दिसला म्हणून फडक्याने पुसू नकोस, एक डाग जाईल आणि दहा ओरखडे येतील.

शेवटी सेंटरिंग, म्हणजे चित्र चौकटीत किती मध्यावर बसलंय ते. डावा आणि उजवा समास पट्टीने मोज. डावा २ मिमी आणि उजवा ३ मिमी असेल तर ते ४०/६०. पीएसएकडून, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून १० पैकी गुण देणाऱ्या (ग्रेडिंग करणाऱ्या) अमेरिकी कंपनीकडून, १० गुण हवे असतील तर आता पुढच्या बाजूला साधारण ५५/४५ च्या आत लागतं. दोन्ही समासांची बेरीज ५ मिमी असलेल्या कार्डात ही सूट अर्ध्या मिलिमीटरची झाली. म्हणून कोपरे, कडा निर्दोष असूनही पुष्कळ कार्डं ९ वर अडकतात, आणि 'माझं कार्ड तर पाकिटातून काढून थेट प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घातलं होतं' असं मालक म्हणत राहतो.

नेहमीच्या कार्डाचं माप अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे ६३.५ बाय ८८.९ मिमी. घासलेले कोपरे लपवायला कडा कापून काढणारे महाभाग आहेत. संशय आला तर त्याच मालिकेतलं एक स्वस्तातलं कार्ड शेजारी ठेवून माप जुळतंय का बघ. नकली छपाई ओळखायला भिंग अक्षरांवर धर. अस्सल ऑफसेट छपाईत काळी अक्षरं सलग, भरीव असतात. कार्ड स्कॅन करून पुन्हा छापलेलं असेल तर तीच अक्षरं रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात. आणि शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून विकलं जाणारं कार्ड अतिनील टॉर्चखाली निळसर-पांढरं चमकलं, तर कागद नंतरचा समज. कागद उजळ दिसावा म्हणून त्यात घालतात ती रसायनं दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारानंतर रुळली.

सीलबंद स्लॅबमधलं, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने गुण देऊन कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेलं कार्ड घेताना प्रमाणपत्राचा क्रमांक ग्रेडिंग कंपनीच्या साइटवर टाकून बघायचा, हे तुला ठाऊक आहे. पण तेवढ्याने भागत नाही. देवगड हापूसवर हल्ली कोडाचं स्टिकर असतं, तसाच हा क्रमांक. आणि नकली स्लॅब करणारा क्रमांक मनाने लिहीत नाही, खऱ्याच कार्डाचा उचलतो. म्हणून साइटवर त्या क्रमांकाचा फोटो असेल तर समासांचं प्रमाण, छपाईतला एखादा ठिपका आपल्या समोरच्या कार्डाशी जुळतो का ते बघ.

आता किंमत. लोक साइटवर जी किंमत मागतात ती नुसती आशा असते. ईबे या खरेदी-विक्रीच्या साइटवर 'सोल्ड आयटम्स'ची चाळणी लाव आणि प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच बघ. त्यातही एक खाच आहे. 'बेस्ट ऑफर', म्हणजे घेणाऱ्याने सुचवलेली किंमत, स्वीकारून विकलेल्या वस्तूची मूळ किंमत खोडलेली दिसते, खरी ठरलेली रक्कम दिसत नाही. ती १३०पॉइंट या साइटवर बऱ्याचदा सापडते. तंतोतंत तेच कार्ड, तीच आवृत्ती, तीच अवस्था अशा शेवटच्या पाच विक्री घे, सर्वात वरची आणि सर्वात खालची सोड, उरलेल्या तिघांची सरासरी काढ. 'आवृत्ती' हा शब्द नीट घे: साधं कार्ड, चंदेरी पॅरलल (त्याच कार्डाची वेगळ्या रंगातली छपाई) आणि मागे २५/९९, म्हणजे ९९ पैकी पंचविसावं, असा क्रमांक छापलेलं कार्ड यांवर चित्र एकच असतं, पण बाजारात ती तीन वेगळी कार्डं आहेत.

क्रिकेटच्या कार्डांत अडचण अशी की पाच विक्री सापडतच नाहीत. बास्केटबॉल, बेसबॉलचा बाजार मोठा आणि जुना. टॉप्स कंपनीचं १९५२ सालचं बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, ते त्या बाजारात. आपल्याकडचे क्रिकेट अटॅक्सचे पत्ते मुळात खेळायचे. पोरांनी ते खेळून झिजवले, त्यामुळे कोरे कमी. पण छापले भरपूर आणि घेणारे मोजके. तुझ्याकडचे साधे पत्ते एकेकटे विकत बसू नकोस, टपालखर्चही निघणार नाही. संघवार गठ्ठे कर. चमकदार तेवढे वेगळे काढ.

उलट तू कुणाचा गठ्ठा विकत घेशील तेव्हा आंब्याची पेटी आठव. वरचा थर बघून पेटी घेणाऱ्याला खाली काय मिळतं ते तुला सांगायला नको. फोटोत चार चांगली कार्डं पसरलेली आणि मागे 'आणखी शंभर' असेल, तर त्या शंभरांची किंमत शून्य धरून बोली लाव. सुटी, न फोडलेली पाकिटंही अनोळखी विक्रेत्याकडून घेऊ नकोस. खेळाडूच्या जर्सीचा तुकडा बसवलेलं मोलाचं कार्ड जाड असतं, ते पाकीट चाचपून किंवा वजन करून ओळखता येतं. अशी पाकिटं काढून घेऊन उरलेली विकणं हा जुना धंदा आहे.

लिलावात आपली कमाल रक्कम आधी कागदावर लिही आणि ती एकदाच, शेवटच्या काही सेकंदांत टाक. ईबे तुझ्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवतं, सगळी रक्कम लगेच लागत नाही. दोन दिवस आधीपासून शंभर-शंभरने चढवत राहिलास तर फायदा फक्त विक्रेत्याचा. अमेरिकेतले पुष्कळ लिलाव त्यांच्या रविवारी रात्री संपतात. पूर्व किनाऱ्यावरचे रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले सोमवारचे सकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. त्या वेळी नेटवर्क पडलं तर कार्ड गेलं. घरातल्या वायफायच्या भरवशावर राहू नकोस, मोबाइलचा डेटाही चालू ठेव. आणि परदेशातून येणाऱ्या कार्डावर टपालखर्च, सीमाशुल्क आणि कर मिळून कार्डाच्या किमतीइतकंच ओझं होऊ शकतं. लिहून ठेवलेल्या कमाल रकमेतून ते आधी वजा कर. विक्रेत्याला 'गिफ्ट म्हणून लिही' असं सांगू नकोस. ते खोटं आहेच, शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीचीच मिळते.

ग्रेडिंगला पाठवावं का, असं विचारलं होतंस. हिशोब असा मांड. समज, कार्ड असंच विकलं तर ३,००० रुपये, ९ आले तर ४,५००, १० आले तर १२,०००. आणि शुल्क, विमा, येणं-जाणं मिळून खर्च ५,०००. म्हणजे ९ आले की हातात उणे ५०० राहतात, आणि तीन हजार तर हातचे गेलेलेच. दहाची खात्री नसेल तर पाठवू नको. भिंगाखाली एकच कोपरा किंचित पांढरा दिसला तरी खात्री नाही असंच धर.

विकताना फोटो पडवीत, सकाळच्या सौम्य उजेडात काढ. पुढची बाजू, मागची बाजू, चारही कोपरे जवळून आणि एक फोटो तिरका, ज्यात पृष्ठभाग दिसेल. स्कॅनर ओरखडे लपवतो, म्हणून एकट्या स्कॅनवर काम भागवू नको. एका फोटोत कार्डाशेजारी तुझं साइटवरचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेव. दोष असेल तर तो फोटोतही दाखव आणि वर्णनातही लिही. 'फोटोवरून ठरवा' लिहिणाऱ्याकडे कार्ड परत येतं.

पैशांचंही आधीच बघ. कार्ड २,००० ला गेलं, साइटचं शुल्क १३ टक्के धरलं तर २६०, पॅकिंग ४५, टपाल ८०. हातात १,६१५. ते दीड हजाराला घेतलं असशील तर सगळ्या खटाटोपाचे ११५ रुपये. काही साइट्स टपालखर्चासकट पूर्ण रकमेवर शुल्क लावतात, ते नियमांत वाचून घे. अठरा पूर्ण झाली नसतील तर खातं आईच्या किंवा बाबांच्या नावावर, आणि त्यांना विचारून.

पॅकिंग: कार्ड आधी मऊ पेनी स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लास्टिकच्या पाकिटात. टॉपलोडर जाडीनुसार येतात. साध्या कार्डाला ३५ पॉइंटचा, जर्सीच्या तुकड्याच्या कार्डाला बहुधा १३० चा. जाड कार्ड ३५ मध्ये कोंबलं की कोपरे गेलेच. टॉपलोडरच्या तोंडावर मास्किंग टेप लाव आणि टेपचं टोक दुमडून ठेव, घेणाऱ्याला ते नखाने सोलावं लागू नये. पारदर्शक चिकटपट्टी लावू नकोस, ती काढताना जोर लागतो आणि कार्ड बाहेर उडतं. मग नालीदार पुठ्ठ्याचे दोन तुकडे, कार्डापेक्षा सगळीकडून दोन सेंटिमीटर मोठे, त्यांच्यामध्ये टॉपलोडर हलणार नाही असा. हे सगळं झिपच्या प्लास्टिक पिशवीत, आणि मग बबलच्या लिफाफ्यात. जून ते सप्टेंबर पिशवीचं तोंड टेपनेही बंद कर. पाकीट एसटीच्या टपावर जात नसलं तरी कुठल्या पागोळीखाली पडून राहील सांगता येत नाही.

टपाल कचेरीत 'रजिस्टर' मागू नकोस. २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिळवलं आहे. पावतीवरचा तेरा अक्षरांचा क्रमांक लगेच घेणाऱ्याला कळव. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात 'चार दिवसांत पोहोचेल' असं कुणाला लिहून देऊ नकोस. मुंबई-गोवा महामार्गाची अवस्था घेणाऱ्याला ठाऊक नसते, तुला असते.

आता पावसाळा. पुण्याच्या संग्राहकाला जी काळजी नाही ती आपल्याला आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो. क्रोम किंवा फॉइलच्या कार्डाची एक बाजू धातूच्या चकचकीत थराची, दुसरी कागदाची. कागद हवेतलं पाणी पिऊन फुगतो, तो थर फुगत नाही, आणि कार्ड वाकतं. स्लीव्ह आणि टॉपलोडर पाणी अडवतात, दमट हवा अडवत नाहीत. कार्डाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. किनाऱ्यावर पावसाळ्यात ती दिवसेंदिवस ऐंशीच्या वर असते.

घरातली आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, आपण मेमध्ये भरतो. कार्डांची मात्र तोवर थांबली तर उशीर होतो, कारण मेमध्ये किनाऱ्याची हवा आधीच घामट झालेली असते आणि डब्यात तीच हवा बंद होते. माघातल्या कोरड्या दुपारी भरून टाक. रबरी कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घे. पत्र्याच्या ट्रंकेला हवा धरून ठेवता येत नाही. वीस लिटरच्या डब्यात ओल शोषणारं पाव किलो सिलिका जेल कापडी पिशवीत, कार्डांना न टेकता, आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापव, बंद बरणीत गार कर, मग परत ठेव. मापक ४० च्या खाली गेला तर थोडी सिलिका काढ. फार कोरड्या हवेत तेच कार्ड उलट बाजूला वाकतं. जमलं तर ४९ टक्के आर्द्रता राखणारी दुतर्फी, म्हणजे ओल घेणारी आणि सोडणारीही, पाकिटं घे, महाग पडतात पण त्यांच्याकडे फारसं लक्ष द्यावं लागत नाही. तांदळाची पुरचुंडी ठेवू नकोस, तिचा उपयोग नाही आणि सोनकिडे होतात. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकला बाधते. जुने पीव्हीसीचे अल्बम काही वर्षांनी चिकट होऊन कार्डाला डसतात. पॉलिप्रॉपिलीनची पानं घे.

डबा जमिनीवर नको, चिऱ्याच्या भिंतीला टेकून नको, माळ्यावरही नको. भिंत ओल धरते, आणि कौलांखाली मेमध्ये भट्टी असते. कपाटाच्या मधल्या फळीवर ठेव. कसर कागद खाते, म्हणून शेजारी जुन्या वह्यांची रद्दी नको. श्रावणात ऊन पडलं की डबा उघडायचा मोह होतो. ऊन असलं तरी हवा दमटच असते, मापक बाहेर ठेवून बघ. एसीच्या खोलीत काम केलंस तर डबा तिथेच बंद कर आणि बाहेर आणल्यावर तासभर उघडू नको, नाहीतर गार कार्डावर बाहेरच्या हवेतलं पाणी जमतं. वाकलेल्या कार्डावर इस्त्री फिरवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. योग्य आर्द्रतेत काही आठवडे ठेवलं की बरीचशी वाक आपोआप उतरते.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीही लागत नाही, आणि क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्याकडून जातात. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघूनच पार्सल दे. 'सैन्यात आहे, माणूस पाठवतो, आधी कोड स्कॅन करा' हा फोन तुलाही येईल. साइटबाहेर व्यवहार करू म्हणणाऱ्याला नकार दे, तिथे कुणाचंच संरक्षण नसतं. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० ला फोन कर, उद्यावर टाकू नको. आणि परत आलेलं कार्ड आपलंच आहे का हे कळावं म्हणून पाठवण्याआधी भिंगाखाली दिसणाऱ्या एखाद्या खुणेचा फोटो आणि पॅकिंगचा अखंड व्हिडिओ ठेव.

पुढच्या वेळी यादीत अवस्थेचा रकाना भरून पाठव. आधी फक्त दहा कार्डं घे. त्यांतली दोनच विकायला ठेव, एक चांगलं आणि एक डागी, दोन्हींचं खरं वर्णन करून.

कळावे.

ता. क. मापक घेतलास की पहिल्या रात्री तो झिपच्या पिशवीत घाल. शेजारी बाटलीच्या झाकणात मीठ ठेव आणि त्यावर थेंबभर पाणी घालून ओलसर चिखल कर. आठ तासांनी ७५ टक्के दाखवायला हवं. ७१ दाखवत असेल तर नंतरच्या प्रत्येक आकड्यात चार मिळवत जा.